टोनर संपला, पण कुणाच्या हिशेबाने?

ऐन घाईत प्रिंटर सांगतो, 'टोनर संपला.' अक्षरं मात्र अजून काळीभोर उमटत असतात. मग संपलं काय?

टोनर म्हणजे प्लॅस्टिक आणि रंगद्रव्याची बारीक पूड. काही प्रिंटर सेन्सरने ती जोखतात. पण अनेक प्रिंटर पूड बघतच नाहीत. पानं किती निघाली, ठिपके किती छापले, रूळ किती फिरला, याचा ते हिशेब मांडतात आणि कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये नोंदवतात. आकडा भरला, की डबा रिकामा ठरतो!

छपाई फिकी होण्याआधी सूचना मिळावी, हे कंपन्यांचं म्हणणं रास्तच. पण सूचना देणं वेगळं, यंत्र अडवणं वेगळं. शाईच्या प्रिंटरबाबतही अशाच तक्रारी झाल्या. अमेरिकेतला असा एक सामूहिक दावा एप्सन कंपनीने 2006 मध्ये, आरोप नाकारत, तडजोडीने मिटवला.

खोक्यावरची पानांची संख्या बहुधा पानाचा सुमारे 5 टक्के भागच छापला जाईल, असं धरून दिलेली असते. चित्रं, ठळक मथळे जास्त असतील तर पूड लवकर संपणारच. म्हणून आधी प्रिंटरमधून वापराचा अहवाल काढा. सेटिंगमध्ये 'छपाई चालू ठेवा' हा पर्याय आहे का, तेही पाहा. तरीही अडवणूक वाटली, तर बिल आणि अहवाल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडेही जाता येतं.

मापात पाप नको, असं आपण वाण्याला सांगतो. चिपलाही तेच सांगायला हवं.