खाजण म्हणजे काय?

गेल्या वर्षी वर्गात एक कोकणातली कथा शिकवीत होतो. तीत ‘खाजण’ हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, खाजण म्हणजे काय?” मी मास्तरी थाटात अर्थ सांगून टाकला : भरतीचे पाणी जिथे चढते-उतरते ती खारी, चिखलाची जमीन. मग सहज विचारले, “तू राहतोस कुठे?” स्वारी निघाली कुर्ल्याची, अगदी मिठीच्या काठची! म्हणजे हा पठ्ठ्या जन्मापासून खाजणावरच राहत होता. मधे काय तो मातीदगडांचा भराव.

दोष त्याचा नाही. मुंबईचे पाणी आता नावांपुरतेच उरले आहे. उमरखाडीत खाडी नाही. बेटामधली खाडी ओलांडून आलेला वाटसरू जिथे पाय धूत असे, असे सांगतात, त्या पायधुणीत आज पाय ठेवायला जागा नाही. अठराव्या शतकात वरळीच्या खिंडाराला बांध पडला, १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, आणि सात बेटांचे एक शहर झाले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण भराव टाकण्याची चटक एकदा लागली की सुटत नाही. ओहोटीला जो काळा चिखल दिसे, तो आपल्या लेखी पडीक जमीन ठरला.

तो पडीक नव्हता हे मला पुस्तकांनी नव्हे, धारावीच्या कोळीवाड्यातल्या एका म्हातारीने सांगितले. “मास्तर, त्यो चिखल म्हंजे आमचं शेत व्हतं!” असे म्हणून तिने बोटे मोडीत पीक मोजले : चिंबोऱ्या, कालवे, निवट्या, कोळंबी. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात, कारण त्या चिखलात हवा नसते. झाड श्वास घेते ते या मुळांनी. त्यांच्या जाळीत पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो आणि मासळीची पिल्ले मोठ्या माशांपासून लपून वाढतात. म्हातारीने एवढी फोड केली नाही. ती म्हणाली, “तिवर गेला, मासळीचं माहेर गेलं.” मी इतकी वर्षे अलंकार शिकवतो आहे, मला काही हे सुचले नसते.

खाजणाचे दुसरे काम आपल्याला उशिरा कळले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला, तर शहरातले पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. त्याला दोन-चार घटका थांबायला ओसरी लागते. खाजणे आणि मिठागरे ही ती ओसरी. विहार-पवईच्या तलावांतून निघणाऱ्या मिठीची ओसरी आपण बुजवली. विमानतळाशी तिला वळवले, माहीमच्या खाडीलगतच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभारले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरती. त्या संध्याकाळी मी कुर्ल्याहून शीवपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलो. पायाखाली रस्ता आहे की नदी, हे कळत नव्हते. शेकडो माणसे गेली.

त्याच वर्षी उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ साली ती कायम केली. तिवर वाचले, ते बरेचसे त्यामुळे. पण सार्वजनिक हिताच्या कामासाठी परवानगीची वाट मोकळी आहे, आणि या शहरात सार्वजनिक हिताला कधीच तोटा पडत नाही!

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. म्हणाला, “सर, आजीला विचारलं खाजणाचं. ती लग्न होऊन आली तेव्हा पावसाळ्यात दारापर्यंत चिंबोऱ्या यायच्या म्हणे.”

“आणि आता?”

“आता जून लागला की आम्ही खाटेच्या पायांखाली विटा लावतो.”