शस्त्रापूर्वीचा धीर

पनवेल आता मुंबई-पुण्याच्या वाटेवरील केवळ विसाव्याचे गाव राहिलेले नाही. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, नव्या पनवेलीत नेत्ररुग्णालये आहेत, आणि कर्जत, खालापूर, उरणकडील वाड्यापाड्यांवरचा रुग्णही शस्त्रक्रियेसाठी या शहराची वाट धरतो. ही गोष्ट निःसंशय अभिमानाची होय. तथापि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खाटेवर जागा पडून राहणाऱ्या त्या रुग्णाच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस कोणी करतो काय, हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम पहिल्या पानावर मांडीत आहोत.

रुग्णाची भीती बहुधा साधी असते, आणि म्हणूनच ती बोलून दाखविण्यास तो लाजतो. भूल दिल्यावर आपण पुन्हा शुद्धीवर येऊ ना? पाठीत सुई टोचली की जन्माची कंबर गेली, असे शेजारच्या खाटेवरचा सांगतो, ते खरे काय? उपाशी का ठेवले? मंगळसूत्र का उतरविण्यास सांगितले? यांपैकी प्रत्येक प्रश्नास उत्तर आहे. पोट रिकामे ठेवावयाचे ते भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. दागिने उतरावयाचे ते रक्तस्राव थांबविणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे धातूखालची कातडी भाजू नये म्हणून. परंतु ज्यास हे कोणी सांगितलेच नाही, त्यास उपवास ही शिक्षा वाटते आणि उतरविलेले मंगळसूत्र हा अपशकुन वाटतो. अशा मनःस्थितीत नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, प्रसंगी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आणि एखादा तर पहाटे कोणास न सांगता गावची एस. टी. गाठतो.

धीराची गरज अडाण्यासच असते, असे सुशिक्षितांनी समजू नये. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. गांधीजी येरवड्याचे कैदी, तर शस्त्र धरणारे कर्नल मॅडॉक सरकारचे डॉक्टर; अविश्वासास याहून अनुकूल परिस्थिती ती कोणती? परंतु श्रीनिवास शास्त्री व डॉ. फाटक यांस बोलावून घेण्यात आले. शस्त्रक्रियेस आपली संमती असून डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे, अशा आशयाचे निवेदन शास्त्र्यांनी लिहून घेतले आणि गांधीजींनी त्यावर सही केली. सही करताना हात कापला. तो कसा कापतो, हे त्यांनी स्वतःच मॅडॉकना दाखविले, आणि मॅडॉकनी त्यांच्या अंगी भरपूर शक्ती आणण्याचे आश्वासन दिले. पुढे शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. स्नेही जवळ असणे, मनातले बोलण्याची मोकळीक आणि वैद्याचा शब्द, या तीन गोष्टी त्या रात्री एका कैद्यास मिळाल्या. स्वतंत्र भारताच्या नागरिकास त्या मिळू नयेत काय?

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एग्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यांतील काहींना वेदना कोठे व किती होईल, स्नायू सैल कसे सोडावे, कूस कशी बदलावी हे समजावून सांगण्यात आले, इतरांना नाही. ज्यांना सांगितले, त्यांना वेदनाशामक मादक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. शब्दांस औषधाचे मोल असते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

परंतु माहितीने शंका फिटते. एकटेपण फिटतेच असे नाही. तेथे श्रद्धेचा आधार लागतो. मीरा रोडच्या भक्तिवेदांत रुग्णालयात रुग्णांच्या आध्यात्मिक आधारासाठी स्वतंत्र विभाग आहे. पनवेलसही असे काही करता येईल. मात्र येथे विवेकाची मर्यादा हवी. आधार रुग्णाच्या श्रद्धेचा हवा, रुग्णालयाच्या नव्हे. वारकऱ्यास तुळशीची माळ उशाशी हवी असेल, मुसलमानास दुवा, ख्रिस्त्यास प्रार्थना, आणि नास्तिकास केवळ मुलीचा हात हातात. प्रचारास तेथे जागा नाही, आणि नवसाने गाठ विरघळेल असे सांगणाऱ्यास तर मुळीच नाही. प्रार्थना शस्त्रक्रियेच्या ऐवजी नव्हे, शस्त्रक्रियेस सामोरे जाण्यासाठी आहे.

रुग्णांची गर्दी पाहता डॉक्टरांना यासाठी वेळ कोठून मिळणार, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण हे सारे काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. भूलतज्ज्ञाने आदल्या सायंकाळी दहा मिनिटे खाटेपाशी बसावे. उरलेले परिचारिकेने, समाजसेवकाने, आणि आगरी, ठाकरी, कातकरी बोली जाणणाऱ्या स्वयंसेवकाने करावे. आम्ही तीन गोष्टी मागतो. पहिली, प्रत्येक रुग्णास त्याच्या बोलीत पूर्वकल्पना. दुसरी, संमतिपत्र वाचून व समजावून मगच सही. पुरेशा माहितीवाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच सांगितले आहे. तिसरी, रुग्णास हवे ते माणूस शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत सोबत.

यास इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, अंदाजपत्रकात मोठी तरतूदही लागत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण बहुधा जागाच असतो. त्या वेळी कानावर पडणारा एक ओळखीचा आवाज त्यास किती स्थिर ठेवतो, हे कोणत्याही अनुभवी नेत्रवैद्यास विचारावे. पनवेलच्या रुग्णालयांच्या चालकांनी एकत्र बसून हा प्रघात पाडावा आणि शहरातील निवृत्त शिक्षकांनी, परिचारिकांनी त्यासाठी आपली सायंकाळ द्यावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.