मुरलेल्या मद्यांची तुलना आणि आस्वादाची भाषा

द्राक्षमद्य बाटलीत मुरू लागले म्हणजे त्याचा रंग, गंध व रुची ही तिन्ही पालटतात. तांबड्या मद्याची जांभळी झाक जाऊन विटकरी छटा येते आणि तुरटपणा मवाळ होतो. परंतु दोन प्रदेशांच्या मुरलेल्या मद्यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न केवळ जिभेचा नाही.

दि. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश मद्यविक्रेत्याने फ्रान्स व कॅलिफोर्निया येथील मद्ये नावे झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेविली. तांबड्या मद्यांत कॅलिफोर्नियाचे १९७३ चे ‘स्टॅग्ज लीप’ पहिले आले. बोर्दोची मद्ये मुरल्यावरच खुलतात, तेव्हा खरा निर्णय काळच देईल, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. २००६ साली त्याच तारखेस तीच तांबडी मद्ये लंडन व नापा येथे पुन्हा चाखण्यात आली. पहिली पाचही कॅलिफोर्नियाची ठरली. अग्रस्थान १९७१ च्या ‘रिज माँटे बेलो’ला मिळाले.

नाव झाकले म्हणजे पूर्वग्रह सर्वस्वी टळतो काय? २००१ साली ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बोर्दो येथील ५४ विद्यार्थ्यांना पांढरे मद्य गंधहीन रंगाने तांबडे करून दिले होते. त्यांनी त्याचा गंध तांबड्या मद्याच्या शब्दांत वर्णिला. तात्पर्य, आस्वादाचा शब्द पुष्कळदा डोळाच सुचवितो. नाव झाकता येते. वयाची विटकरी छटा मात्र साध्या काचेच्या पेल्यात दिसतच राहते.