दिवा आणि केस बुक

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा दीपप्रज्वलनाचा समारंभ ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना तो सहसा विसरता येत नाही. सभागृहातले दिवे मालवलेले असतात, एका ज्योतीवरून दुसरी लावत रांग पुढे सरकते आणि हातात दिवा घेऊन सगळे एका सुरात शपथ घेतात. मागे बसलेले आईवडील डोळे पुसत असतात. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाते. पण ती तिने लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, हार्पर हॉस्पिटलच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेत, लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील समितीने ती तयार केली. शुद्ध आचरण ठेवणे, घातक औषध न देणे, रुग्णाच्या खाजगी गोष्टी उघड न करणे, डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करणे असे मुद्दे मूळ शपथेत आहेत. रुग्णाविषयी जे लिहायचे ते खरे लिहावे, हा मुद्दा मात्र तीत नाही.

नाइटिंगेलने स्वतः शपथ लिहिली असती, तर तो बहुधा सुटला नसता. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली, तेव्हा तिथे अस्वच्छता जितकी होती तितकाच नोंदींचा गोंधळ होता. मृतांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. पुढे १८५८ साली तिने जो प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख छापला, त्यातून जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक मेले हे दिसले. हातात दिवा घेऊन फिरणारी स्त्री ही तिची लोकप्रिय प्रतिमा. सरकारला हलवले ते तिच्या आकड्यांनी.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या सचोटीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा परीक्षेतली कॉपी, हजेरी, फार तर प्रबंधातली उचलेगिरी यांच्याविषयी बोलतो. या गोष्टी गंभीर आहेतच. पण या व्यवसायात प्रामाणिकपणाची खरी कसोटी वॉर्डातल्या एका साध्या कागदावर लागते, आणि त्या कागदावर लिहायची सवय कॉलेजातल्या वह्यांतूनच लागते, हे या लेखात मांडायचे आहे.

न मोजलेला श्वास

सर्वांत साधे उदाहरण घेऊ. रुग्णाच्या चार्टवर तापमान, नाडी आणि श्वसनाचा दर लिहायचा असतो. तापमान थर्मामीटर सांगतो. नाडी आणि रक्तातला प्राणवायू आता बोटाला लावलेले यंत्र दाखवते. श्वास मात्र अनेक वॉर्डांत अजूनही डोळ्यांनीच मोजावा लागतो: रुग्णाच्या नकळत, छातीची हालचाल पाहत, पूर्ण एक मिनिट. चाळीस रुग्ण असलेल्या वॉर्डात हे चाळीस मिनिटांचे काम झाले. म्हणून ज्या वॉर्डात घाई असते तिथल्या चार्टवर श्वसनाच्या रकान्यात १८, २०, २०, १८, २० अशी रांग दिसते. माणसे इतकी एका तालात श्वास घेत नाहीत.

यात बिघडले कुठे, असे विद्यार्थ्याला वाटते. निरोगी माणसाचा श्वास साधारण तेवढाच असतो. बिघडते ते असे. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली, रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला, की रक्तदाब कोसळण्याच्या आधीच पुष्कळदा श्वासाची गती वाढलेली असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धत तयार केली आणि २०१७ साली ती सुधारली. तीत श्वसनाचा दर १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन, आणि २५ किंवा अधिक असेल तर तीन गुण, म्हणजे त्या एका घटकासाठी सर्वांत जास्त. समजा, रुग्णाचा श्वास २६ आहे आणि न मोजता २० लिहिले. कागदावर तीन गुणांचा धोका शून्य झाला. रात्री फेरीला आलेले निवासी डॉक्टर तो चार्ट पाहतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.

रकाना रिकामा असता तर कोणीतरी विचारले असते. भरलेल्या रकान्याविषयी कोणी विचारत नाही. न लिहिण्यापेक्षा खोटे लिहिणे जास्त घातक असते, ते यामुळे.

वीस बाळंतपणे

आता कॉलेजातल्या वहीकडे येऊ. सेमिस्टर पद्धत येण्यापूर्वीच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्रासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने करायच्या कामांचे आकडे ठरवून दिलेले होते: ३० गरोदर स्त्रियांची तपासणी, २० नैसर्गिक बाळंतपणे, २० बाळंतिणींची शुश्रूषा, आणि असेच पुढे. प्रत्येक कामाची नोंद केस बुकात करायची, पाठ्यनिर्देशिकेची सही घ्यायची. सही पूर्ण झाल्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही.

आता गणित करून पाहा. एका वर्गात ५० विद्यार्थी असतील तर २० च्या हिशेबाने एक हजार बाळंतपणे लागतात. त्याच लेबर रूममध्ये दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयाचे इंटर्न आणि निवासी डॉक्टरही शिकत असतात. पोस्टिंग मोजक्या आठवड्यांचे. जिथे रुग्णालय मोठे आणि वर्दळीचे आहे तिथे हे जमते. जिथे नाही, तिथे वर्षाच्या शेवटी लेबर रूमच्या रजिस्टरभोवती विद्यार्थी गोळा होतात. नाव, वय, दाखल क्रमांक, बाळाचे वजन, वेळ, सगळे उतरवून घेतले जाते. एकच बाळंतपण चार वह्यांत ‘स्वतः केले’ म्हणून नोंदले जाते. वरच्या वर्गातल्या ताईची जुनी फाईल हाताशी असतेच. अलीकडे, न पाहिलेल्या रुग्णाचा नर्सिंग केअर प्लॅन मोबाइलवरून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेण्याचीही सोय झाली आहे.

या वहीचे लेबर रूममधले जुळे भावंड म्हणजे पार्टोग्राफ. प्रसूती कशी पुढे सरकते आहे हे दाखवणारा हा आलेख. गर्भाशयाचे मुख किती उघडले, बाळाचे ठोके किती, कळा किती वेळाने येतात हे ठरावीक अंतराने भरायचे. बाळाचे ठोके तर दर अर्ध्या तासाने. त्यावर तासाला एक सेंटिमीटर या गतीने जाणारी सूचनारेषा असते आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीरेषा. आलेख सूचनारेषेच्या उजवीकडे सरकला, की मोठ्या रुग्णालयात पाठवायची तयारी करायची. प्रसूती अडली आहे हे वेळेत कळावे, यासाठीच हा कागद.

तो कागद बाळ जन्मल्यानंतर बसून भरण्याची प्रथा भारतातच नव्हे, अनेक देशांत आढळली आहे. नंतर भरलेला पार्टोग्राफ बहुधा देखणा असतो. त्यातली रेषा कधी उजवीकडे सरकत नाही, ठोके कधी मंदावत नाहीत. त्याने फाईल पूर्ण होते. त्या बाईसाठी त्याचा काहीच उपयोग झालेला नसतो.

केस बुक हा विद्यार्थ्याच्या हातचा पहिला वैद्यकीय दस्तऐवज. रिकामा रकाना भरायचा असतो, तो कशाने भरला हे महत्त्वाचे नाही, असा धडा तिथे मिळाला तर तो पार्टोग्राफपर्यंत आणि श्वसनाच्या रकान्यापर्यंत सहज पोचतो.

वर्गातली सवय वॉर्डात जाते का?

ही शंका शिक्षकांनाही असते: परीक्षेत कॉपी करणारी मुलगी वॉर्डात चांगली परिचारिका होणारच नाही का? अमेरिकेत गेल हिल्बर्ट यांनी १९८५ साली नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे वर्गातले आणि वॉर्डातले गैरवर्तन एकत्र तपासले, तेव्हा या दोहोंत संबंध आढळला. अर्थात हा विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीवरचा अभ्यास होता. एकाने दुसरे घडते, एवढे त्यावरून सिद्ध होत नाही.

वैद्यकीय शिक्षणातला एक अभ्यास जास्त भक्कम आहे. २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन वैद्यकीय महाविद्यालयांचे जे २३५ पदवीधर पुढे वैद्यकीय मंडळांच्या कारवाईला सामोरे गेले, त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी ४६९ इतर पदवीधरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांच्या जुन्या नोंदींत अव्यावसायिक वर्तनाचे शेरे असण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. त्यातही सर्वांत ठळक दोन गोष्टी होत्या: कमालीचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवल्यावर ती सुधारण्याची कमी तयारी. दुसरी गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. चूक होणे हा धोक्याचा इशारा नव्हता. चुकीवर पांघरूण घालून पुढे जाणे हा होता.

परीक्षेला काय कळत नाही

शेवटी परीक्षा आहेच, ती खरेखोटे पाहील, असे कोणी म्हणेल. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत उघड झालेले प्रकरण याचे उत्तर देते. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्याचे तपासात आढळले. २५ जणांवर आरोप ठेवले गेले. तपासाच्या मोहिमेला नाव दिले होते ‘ऑपरेशन नाइटिंगेल’. या खरेदीदारांपैकी सुमारे २,४०० जण परवान्याची राष्ट्रीय परीक्षा रीतसर उत्तीर्ण झाले होते. प्रश्नांची उत्तरे त्यांना येत होती. रुग्णाजवळ घालवायचे तास मात्र त्यांनी घालवलेले नव्हते, आणि ते परीक्षेला कळत नाही. ते सांगू शकते फक्त खरे केस बुक.

वही खोटी लिहिणारा विद्यार्थी अनेकदा खोट्या वहीच्याच संस्थेत शिकत असतो, हेही विसरता येत नाही. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने महाविद्यालयांची तपासणी केली: इमारत, शिक्षक, रुग्णालय खरोखर आहे का? मे २०२४ मध्ये, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी करणाऱ्यांपैकीच काही अधिकाऱ्यांना सीबीआयला अटक करावी लागली आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश निघाला. तपासणीचा अहवाल हीदेखील एक नोंदच. कॉलेज कागदावरच्या खाटा दाखवत असेल, तर त्याच्या विद्यार्थ्याला कागदावरच्या बाळंतपणांबद्दल एकट्याला दोष देणे न्यायाचे नाही.

खरे बोलण्याची किंमत

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: खरे बोलणाऱ्याला नेहमी बक्षीस मिळते असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एका परिचारिकेने झोप आणणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले आणि ७५ वर्षांची रुग्ण दगावली. परिचारिकेने चूक लगेच कबूल केली. रुग्णालयाने मात्र ती शासकीय यंत्रणेला कळवली नाही. पुढच्या वर्षी निनावी तक्रारीनंतर प्रकरण बाहेर आले. २०२२ साली परिचारिका फौजदारी खटल्यात दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा झाली. औषधाचे नाव न वाचण्याची तिची हयगय मोठी होती यात शंका नाही. पण अमेरिकेतल्या परिचारिकांच्या संघटनेने इशारा दिला, की अशाने पुढची परिचारिका चूक सांगणारच नाही. केंटकी राज्याने २०२४ साली कायदा करून आरोग्यसेवेतल्या साध्या चुकांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. घोर निष्काळजीपणाला ते लागू नाही.

आपल्याकडे विद्यार्थ्याला न्यायालयाची भीती नसते. भीती असते ती सगळ्यांसमोर होणाऱ्या अपमानाची, सही अडण्याची, घरी फोन जाण्याची. दुसऱ्याच रुग्णाला इंजेक्शन दिले गेले आणि ते पाच मिनिटांत सांगितले, तर बहुतेक वेळा उपाय करता येतो. सांगायला दोन तास लागले तर तो हातातून जाऊ शकतो. ही पाच मिनिटे आणि दोन तास यांतला फरक विद्यार्थ्याच्या चारित्र्याइतकाच परिसेविकेच्या आवाजाच्या पट्टीवर अवलंबून असतो.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. केस बुकात ‘पाहिले’, ‘मदत केली’ आणि ‘देखरेखीखाली स्वतः केले’ हे तीन रकाने खरोखर वेगळे ठेवावेत. ज्याला बाराच बाळंतपणे मिळाली त्याने बाराच लिहावीत, आणि उरलेल्या आठांसाठी दुसऱ्या रुग्णालयात पोस्टिंग मिळवून देणे ही कॉलेजची जबाबदारी मानावी. सही करणाऱ्या पाठ्यनिर्देशिकेने वहीतल्या कोणत्याही एका नोंदीवर बोट ठेवून विचारावे, “या बाईविषयी मला सांग.” ज्याने तिची शुश्रूषा केली आहे, तो वजन-वेळ विसरेल, पण ती घाबरली होती का, सोबत कोण होते, हे सांगेल.

विद्यार्थ्यासाठी नियम साधे आहेत. मोजले तेच लिहायचे. मोजता आले नाही तर तसे लिहायचे आणि हँडओव्हर देताना सांगायचे. औषध दिल्यावर सही करायची, आधी नाही. नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारून, मूळ मजकूर वाचता येईल असे ठेवून, शेजारी बरोबर नोंद, वेळ आणि सही. नोंद उशिरा केली तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे म्हणून खरी वेळ घालायची. केअर प्लॅनसाठी पुस्तकाची, ताईची, यंत्राची मदत घेतली तर ती सांगायची, आणि रुग्णाला भेटल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही.

रात्रपाळीला पहाटे तीन वाजता वॉर्डात एकटी अधिपरिचारिका असते. नातेवाईक जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेले असतात. बावीस नंबरच्या खाटेजवळ ती थांबते, घड्याळाकडे पाहते आणि एक मिनिट रुग्णाची छाती वरखाली होताना मोजते. तिने हे केले की नाही, हे पाहणारे तिथे कोणी नसते. सकाळी चार्ट हातात घेणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्या आकड्यावर विसंबावे लागते, आणि त्या रुग्णालाही.