सर्किट बोर्डाचे द्रावण : जुने झाले तरी घातकच

सर्किट बोर्डावरील नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवतात. हे द्रावण पुन्हा वापरता येते; मात्र त्याचा वेग मंदावला म्हणजे ते सौम्य झाले, असे समजू नये. त्याची दाहकता टिकते आणि त्यात तांब्याची भर पडते.

धातूचे भांडे ते खाऊन टाकते. म्हणून नाव लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, कुलूपबंद ठेवावे. रंग कोऱ्या चहासारखा असल्याने शीतपेयाच्या बाटलीत कदापि भरू नये. निकामी द्रावण मोरीत न ओतता घरगुती घातक कचरा संकलन केंद्रात द्यावे.

डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. आणीबाणीत ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.