गाणं लॉस एंजेलिसचं, बेस गिटार डोंबिवलीची! घरात बसून जगभरच्या गाण्यांत वाजवणारे वादक काम करतात तरी कसं?

मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावलं की त्यातला एक वादक जवळजवळ गायब होतो. गायक ऐकू येतो, बासरी येते, ढोलकी येते. पण खाली खर्जात चाललेली बेस गिटार त्या नखाएवढ्या स्पीकरला पेलतच नाही.

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. इतका खालचा आवाज मोबाइलमधून निघत नाही. त्याच स्वराची वरची कंपनं तेवढी कानावर येतात आणि उरलेलं आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो. आता तेच गाणं चांगल्या हेडफोनवर ऐका. गाण्याखाली कुणीतरी जमीन आणून ठेवल्यासारखं वाटेल. ती जमीन म्हणजे बेस.

ही जमीन अंथरून देणारा माणूस आज गायकाच्या शेजारी उभा असेलच असं नाही. तो गायकाला कधी भेटलेलाही नसतो. गाणं लॉस एंजेलिसमध्ये तयार होतं, ड्रम्स तिसऱ्याच देशात वाजतात आणि बेस गिटार डोंबिवलीतल्या एखाद्या फ्लॅटच्या बेडरूममधून जाते. या कामाला म्हणतात रिमोट सेशन!

सेशन वादक म्हणजे कोण?

ज्याचा स्वतःचा बँड नाही, ज्याचं नाव पोस्टरवर नाही, पण जो ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यात वाजवून देतो, तो सेशन वादक. हा धंदा काही इंटरनेटने जन्माला घातलेला नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९५९ साली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. तिच्या कित्येक गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवली ती जेम्स जेमरसन या माणसाने. लोक गाण्यांवर नाचत होते, पण रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव नसायचं. ते ठळकपणे आलं १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. आज जगातला कुठलाही गंभीर बेसवादक जेमरसनचे तुकडे वाजवून शिकतो. तो स्वतः १९८३ साली गेला.

आपल्याकडेही हेच चित्र होतं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांचा भरणा होता, कारण गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची आणि कागद समोर ठेवला की ही मंडळी तो तिथल्या तिथे वाजवून दाखवत. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेस गिटारवादक टोनी वाझ हे त्यातलंच एक नाव. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब अशा स्टुडिओंत सगळा ताफा एकत्र बसायचा आणि गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. शेवटच्या ओळीत एकाची बोट घसरली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून!

पुढे एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करता येऊ लागलं. मग कीबोर्ड आणि कॉम्प्युटर आले आणि ऑर्केस्ट्रातल्या खुर्च्या कमी होत गेल्या. शेवटी स्टुडिओत जायचीही गरज उरली नाही. एक कॉम्प्युटर, एक ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात बदलणारा छोटा डबा), बरा हेडफोन आणि इंटरनेट एवढ्यावर काम भागू लागलं.

त्यातही बेसवादक नशीबवान. गायकाला आणि तबलजीला माइक लागतो, म्हणजे शेजारच्यांचं ड्रिल मशीन आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी दोन्ही रेकॉर्ड होतात. ड्रमरचं तर सोसायटीच्या मीटिंगमध्येच नाव निघेल. बेस गिटारची वायर मात्र थेट इंटरफेसमध्ये जाते. खोलीतला आवाज रेकॉर्ड होतच नाही. रात्री दोन वाजता वाजवलं तरी घरच्यांना फक्त तारांची बारीक टकटक ऐकू येते.

मग दोघांनी एकाच वेळी लाइव्ह का नाही वाजवायचं?

व्हिडिओ कॉल तर सगळेच करतात, असं वाटू शकतं. पण इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. मुंबई ते लॉस एंजेलिस सरळ अंतर आहे साधारण १४,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली आणि वाटेत कुठेही अडथळा नाही असं धरलं, तरी जायला ७० मिलिसेकंद आणि परत यायला ७०. प्रत्यक्षात लागणारा वेळ याहून जास्तच.

आता गाण्याचं गणित बघा. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे तिकडच्याने ठोका दिला, इकडच्याने त्यावर वाजवलं आणि ते परत तिकडे पोहोचलं, तोवर पाव मात्रेहून जास्त वेळ निघून गेलेला असतो. वादकांना २५-३० मिलिसेकंदांपलीकडचा उशीर खटकायला लागतो. बोलण्यात तो कळत नाही, तालात लगेच कळतो. म्हणून हे काम पत्रव्यवहारासारखं चालतं. तिकडून फाइल येते, इकडून फाइल जाते.

फाइल येते, म्हणजे नेमकं काय येतं?

ग्राहकाने नीट पाठवलं असेल तर त्यात गाण्याचं बेसशिवायचं कच्चं मिश्रण असतं, ड्रम्सचा ट्रॅक वेगळा असतो, लय मिनिटाला किती ठोके ते लिहिलेलं असतं, कॉर्ड्सचा कागद असतो आणि 'साधारण असं हवं' म्हणून एखाद्या जुन्या गाण्याची लिंक असते. नीट पाठवलं नसेल, आणि पुष्कळदा तसंच असतं, तर व्हॉट्सॲपवर एक एमपीथ्री येते आणि खाली लिहिलेलं असतं, 'थोडं ग्रूव्ही करा'.

एमपीथ्रीत एक छुपी खोच आहे. ही फाइल बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. नुसतं ऐकणाऱ्याला ती कधीच जाणवणार नाही. पण बेसवादकाने या फाइलवर अचूक वाजवलं आणि ग्राहकाने तो ट्रॅक मूळ प्रोजेक्टमध्ये टाकला, की बेस ड्रमच्या किंचित मागे पडू शकते. मग तिकडून निरोप येतो, 'तुमची लय कच्ची आहे!' म्हणून जाणता वादक आधी डब्ल्यूएव्ही फाइल मागतो आणि आपला ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासूनच सुरू करून देतो, मग बेस दुसऱ्या कडव्यात पहिल्यांदा येत असली तरी चालेल. तिकडच्याने फाइल उचलून शून्यावर ठेवायची, बस.

दुसरा घोळ सॅम्पल रेटचा. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला घेतलेले हजारो नमुने. कुणी ४४,१०० घेतं, कुणी ४८,०००. वादकाने ४८,००० वर रेकॉर्ड केलेली फाइल ४४,१०० च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता वाजली, तर स्वर जवळपास दीड सेमीटोनने खाली उतरतो आणि ४ मिनिटांचा ट्रॅक ४ मिनिटं २१ सेकंद चालतो. वाजवणाऱ्याची चूक शून्य, पण ऐकायला भयानक.

आणि तिसरी डोकेदुखी विजेची. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल, चार्जर जवळ असेल, तर गिटारमधून 'हम्म्म' असा आवाज येतो. बाकी वाद्यांतून तो गाळून टाकता येतो. बेसमध्ये मात्र जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा स्वर, म्हणजे खालचा 'जी', असतो ४९ हर्ट्झचा. हम गाळायला जावं तर स्वरच जातो. म्हणून हे लोक गिटारच्या आधी इलेक्ट्रिशियनवर खर्च करतात, आणि ते बरोबरच आहे.

एवढं सगळं निस्तरल्यावर खरं काम सुरू होतं. बेस ड्रमच्या मोठ्या ठोक्याला, म्हणजे किकला, चिकटून चालायची की किंचित मागे रेंगाळायची? कडव्यात चार स्वर वाजवायचे की एकच? गायिका वरच्या पट्टीत गेली की खाली काही हालचाल करायची की गप्प बसायचं? नवशिका वादक सगळीकडे बोटं चालवतो, कारण फुकट गेल्यासारखं वाटायला नको. अनुभवी वादक पैसे घेतो ते बरंचसं न वाजवण्याचे.

ग्राहकाला सहसा दोन ट्रॅक जातात. एक गिटारचा कोरा सिग्नल, याला 'डीआय' म्हणतात. दुसरा ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्या सॉफ्टवेअरचा रंग चढवलेला. रंग आवडला नाही तर कोऱ्या सिग्नलवर तिकडचा मिक्सिंग इंजिनिअर हवं ते करू शकतो.

पैसे किती सुटतात?

काम मिळवण्याची ठिकाणं अनेक. साउंडबेटर, एअरगिग्स ही खास संगीतवाल्यांची संकेतस्थळं, फायव्हर हे सगळ्यांचंच. पण बाजार तिथे भरतो तसा वाटाही तिथे कापला जातो. फायव्हर विक्रेत्याकडून २० टक्के घेतं. समजा १०० डॉलरचं काम आलं, तर हातात ८०. त्यातून पैसे भारतात आणताना बँकेचे आकार आणि विनिमय दरातला फरक.

खरा फटका मात्र बसतो तो दुरुस्त्यांचा. गाणं ऐकून कागद बनवायला तास, वाजवायला दोन तास, साफसफाईला तास. इथवर ठीक. मग ग्राहक म्हणतो, कोरस जरा वेगळा करून बघू. मग म्हणतो, आधीचंच बरं होतं. मग गाण्याची रचनाच बदलतो आणि तेच काम तिसऱ्यांदा पहिल्यापासून. अशा कामात तासाचा दर काढला तर मुलांच्या शिकवण्या घेणं परवडतं. म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्यावं लागतं की अमुक इतक्या दुरुस्त्या फुकट, त्यापुढे पैसे, आणि रचना बदलली तर ते नवीन काम. निम्मे पैसे आधी घेणं हेही उद्धटपणाचं नाही. ओळखीच्या माणसाकडे तर जास्तच गरजेचं, कारण 'अरे, आपलाच माणूस आहेस' या वाक्याने मराठी वादकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं सॉफ्टवेअरनेही केलं नसेल.

करापुरतं थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल साधारणपणे २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा अटी पूर्ण केल्यास निर्यात ठरते आणि निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य असतो. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा लागतो. बाकी सीएला विचारलेलं बरं.

नाव कुठे येतं?

बहुतेक करारांत एक ओळ असते, की ठरलेली रक्कम मिळाल्यावर रेकॉर्डिंगवरचे सगळे हक्क ग्राहकाचे. गाणं पुढे कोट्यवधी वेळा ऐकलं गेलं तरी बेसवादकाचा हिशेब तिथेच संपतो. यात फसवणूक नाही, पण सही करण्याआधी काय सोडतोय ते माहीत असायला हवं.

भारतीय कॉपीराइट कायद्यात 'परफॉर्मर'च्या व्याख्येत वादकही येतो. २०१२ च्या दुरुस्तीने परफॉर्मरला व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याची आणि कलाकार म्हणून ओळखलं जाण्याची तरतूद झाली. या हक्कांची मुदत ५० वर्षं. अमेरिकेत इंटरनेट रेडिओसारख्या सेवांकडून येणाऱ्या रॉयल्टीतला अडीच टक्के वाटा कायद्यानेच अशा पडद्यामागच्या वादकांसाठी राखलेला आहे. पण वाटा वाटायचा तर कुणी वाजवलं याची नोंद हवी. नोंद नसेल तर पैसे द्यायचे कुणाला? त्यामुळे क्रेडिट मागणं हा मानापमानाचा प्रश्न नाही, तो हिशेबाचा आहे. गाणं प्रदर्शित होण्याआधी वितरकाच्या फॉर्ममध्ये 'बेस गिटार' या रकान्यात नाव भरायला ग्राहकाला एक मिनिट लागतं. नंतर ते घालून घ्यायला महिने जातात.

आणि आता एआय

ॲपलने २०२४ च्या मे महिन्यात लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्ये एक बेसवादकच घालून दिला. कॉर्ड्स सांगा, शैली निवडा, तो वाजवतो. दुरुस्त्यांना कंटाळत नाही, आगाऊ पैसे मागत नाही. जाहिरातीची जिंगल, यूट्यूब व्हिडिओखालचं संगीत, गाण्याचा कच्चा नमुना ही कामं त्याला सहज जमतात. नवीन वादक हात बसवायचे ते याच किरकोळ कामांवर, त्यामुळे मार बसतोय तो वरच्यांना नाही, दारात उभ्या असलेल्यांना.

दुसरीकडे तेच तंत्रज्ञान वादकांच्याही हातात आहे. तयार गाण्यातून बेस वेगळी काढून देणारी साधनं आता मोबाइलवर मिळतात. जेमरसनने नेमकं काय वाजवलं ते पूर्वी रेकॉर्ड शंभरदा घासून ऐकावं लागायचं, आता ते दोन मिनिटांत सुटं ऐकता येतं.

आणि एक नवीनच मागणी सुरू झाली आहे. काही ग्राहक ट्रॅकसोबत वाजवतानाचा व्हिडिओही मागतात. रील्ससाठी, आणि खरोखर माणसानेच वाजवलंय हे दाखवण्यासाठी. मोबाइल स्टँडवर लावायचा, बोटं दिसतील असा प्रकाश ठेवायचा आणि अख्खं गाणं पुन्हा एकदा वाजवायचं. हुशार वादक त्याचे पैसे वेगळे लावतात.