आकडे तेच, प्रमाण त्रुटी वेगळी

सरासरीची प्रमाण त्रुटी नमुना कसा निवडला, याविषयीच्या गृहीतकावर ठरते. संगणकावरील दोन पद्धतींची गृहीतके वेगळी असली, की सरासरी तीच राहते आणि त्रुटी बदलते. सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधील ‘प्रॉक मीन्स’ प्रत्येक नोंद स्वतंत्र मानते. ‘प्रॉक सर्व्हेमीन्स’ला मात्र स्तर आणि समूह सांगता येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) निवडलेल्या प्रत्येक समूहातून, म्हणजे गावातून किंवा शहरी गटातून, २२ घरे घेण्याची पद्धत होती. एका गावातली घरे बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखीच: नळयोजना एक, आरोग्य केंद्रही तेच. समूहांतर्गत सहसंबंध ०.०५ इतका किरकोळ धरला, तरी प्रचरण १ + २१ × ०.०५ = २.०५ पट होते आणि प्रमाण त्रुटी सुमारे १.४३ पट. ‘प्रॉक मीन्स’ला याचा पत्ताच नसतो, म्हणून तिचा आकडा फसवा, नको तितका लहान येतो.

रिग्रेशनमधला घोळ आणखी निराळा. हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० मध्ये मांडलेल्या, नोंदींचे प्रचरण असमान असतानाही चालणाऱ्या प्रमाण त्रुटीच्या सूत्राला स्टेटा या सॉफ्टवेअरचा ‘रोबस्ट’ पर्याय एक साधी दुरुस्ती लावतो: नोंदींच्या संख्येतून गुणांकांची संख्या वजा करायची, उरलेल्या आकड्याने नोंदींच्या संख्येला भागायचे आणि येणाऱ्या भागाकाराने प्रचरणाला गुणायचे. आर या भाषेतील ‘सँडविच’ पॅकेज काहीच न सांगितल्यास ‘एचसी३’ ही बहुधा अधिक सावध दुरुस्ती वापरते. हजारो नोंदींत हा फरक सहसा नगण्य असतो, तीस नोंदींत डोळ्यांत भरतो. अहवालात नुसते ‘रोबस्ट’ लिहून भागत नाही. दुरुस्तीचा प्रकारही नोंदवावा.